आबा, तुमच्या विणण्याबद्दल

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आता माझी मोठी मुलगी पहिलीत जाते. मधल्या एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलायची सवय लागते आणि तेवढ्यावर भागतं. पण गेल्या दिवाळीनंतर घरात एक गोष्ट घडली, ती तशी बोलून संपेना. म्हणून आज दुपारी धाकटा झोपलाय तेवढ्यात वही घेऊन बसले आहे. आम्ही सांगलीला विश्रामबागेत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. तुमचे जावई साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. गाळप सुरू झालं की ते घरी कमी आणि लॅबमध्ये जास्त असतात. तुम्ही त्यांना पाहिलं नाही. शांत माणूस आहे. तुम्हाला आवडले असते, पण तुम्ही ते बोलून दाखवलं नसतं. मुलगी सहा वर्षांची आहे, मुलगा नुकता दोनचा झाला. मी एका पतसंस्थेत नोकरीला होते, धाकट्याच्या वेळी सोडली. आणि आबा, मी विणते. टोप्या, मोजे, लहान मुलांचे स्वेटर, क्रोशाच्या बाहुल्या. हे वाचून तुम्ही चष्मा कपाळावर ढकलला असता आणि आईकडे बघितलं असतं.

तुमचं विणणं म्हटलं की मला अंगण दिसतं. उंब्रजहून आत गेल्यावरचं आपलं गाव, सारवलेलं अंगण, शेवग्याचं झाड आणि त्याच्याखाली तुमची लोखंडी घडीची खुर्ची. तुम्ही फौजेतून हवालदार होऊन आलात ते वेळेआधीच. बर्फानं डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धी नेली होती आणि राहिलेली ताठर झाली होती. फौजी इस्पितळात बोटं चालती व्हावीत म्हणून तिथल्या सिस्टरनं तुमच्या हातात सुया दिल्या. वॉर्डातले जवान ओळीनं पलंगावर बसून मफलर विणायचे, आणि कुणाचा जास्त लांब होतो यावर पैजा लागायच्या, असं तुम्ही सांगायचात. बाकीच्यांनी सुट्टी मिळाल्यावर सुया तिथंच ठेवल्या. तुम्ही ट्रंकेत घालून गावाला आणल्या.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिची बदली खंडाळा तालुक्यात झाली होती. रोज जाऊन येऊन करण्यासारखं ते अंतर नव्हतं. सोमवारी पहाटेच्या एसटीनं ती जायची, तिथं खोली घेऊन राहायची आणि शनिवारी शाळा सुटली की यायची. रानातला ऊस काका बघायचे. घरात तुम्ही, मी आणि माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान भाऊ. सकाळची दूधभाकरी, आंघोळ, माझ्या वेण्या, भावाचे लंगोट, सगळं तुम्ही करायचात. ते उरकलं की खुर्ची झाडाखाली यायची आणि पिशवीतून लोकर निघायची. अर्ध्या बोटांना धागा धरता येत नसे म्हणून तुम्ही तो मानेवरून घ्यायचात. गुंडा एका बाजूला पितळी तांब्यात, तिथून धागा मानेमागून दुसऱ्या खांद्यावर आणि मग सुईवर. त्यामुळं मान सारखी जराशी हलायची, जणू कुणाचं तरी म्हणणं तुम्हाला पटतंय. मी तेच बघत मोठी झाले. विणताना माणसाची मान हलतेच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

गावात लोक बोलायचे. रस्त्यावरून जाताना कुणीतरी थांबायचं, आणि हवालदार, आता बांगड्याबी भरा की, असं म्हणायचं. तुम्ही मान वर न करता उत्तर द्यायचात. "पलटणीत स्वेटर फाटला तर बायकोला तार करत न्हाईत गड्या. आपला आपनच शिवायचा." बोलणारा हसायचा, तुम्हीही हसायचात. मला तेव्हा ते भांडण वाटायचं नाही. काकू मात्र अंगणाच्या पलीकडून बघून नाक मुरडायच्या. पुढं त्याच काकूंनी त्यांच्या नातवासाठी तुमच्याकडून दोन स्वेटर विणून घेतले.

त्या अंगणातली आणखी एक गोष्ट मला पक्की आठवते. माझ्या करगोट्याला लोकरीचा एक लांब धागा बांधलेला असायचा आणि त्याचं दुसरं टोक तुमच्या पायाच्या अंगठ्याला. मी कोंबड्यांच्या मागं गेले की धागा ताणायचा, तुमचा अंगठा हलायचा आणि तुम्ही म्हणायचात, "व्हय, कळलं." मग मी मुद्दाम ओढायचे. तुम्ही दर वेळी तेच म्हणायचात, एकदाही कंटाळला नाहीत. मला तो आपला दोघांचा खेळ वाटायचा. भाऊ चालायला लागल्यावर त्यालाही धागा बांधला, दुसऱ्या रंगाचा, दुसऱ्या अंगठ्याला. एकदा आम्ही दोघं झाडाभोवती उलटसुलट फिरलो आणि तुमचे पाय खुर्चीला गुंडाळले गेले. तुम्ही विणणं न थांबवता काकूंना हाक मारलीत आणि कात्री मागितलीत.

पाचवीला मला साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत घातलं, वसतिगृहात राहायचं होतं. प्रवेशाच्या दिवशी तुम्ही मला घेऊन आलात. कार्यालयाबाहेरच्या बाकावर रांग मोठी होती. शहरातल्या मुली, त्यांच्या आया, गॉगल लावलेले वडील. तुम्ही पिशवी उघडलीत आणि सुया काढल्यात. मी हळूच म्हटलं, आबा, इथं नको. तुम्ही सुया आत ठेवल्यात आणि हात मांडीवर ठेवून बसलात. काम झाल्यावर स्टँडवर आपण चहा घेतला. बशीत चहा ओतताना तुम्ही विचारलंत, "लाज कशाची वाटली? विणायची का बोटांची?"

मी म्हटलं, विणायची.

"मग हरकत न्हाई," तुम्ही म्हणालात. "विणायचं थांबवता येतं. बोटं काय बदलता येत न्हाईत."

तुम्ही रागावला नव्हतात. खरंच एक शंका फिटल्यासारखे बोललात. त्यानंतर माझ्या शाळेत, माझ्या मैत्रिणींसमोर तुम्ही कधी सुया काढल्या नाहीत. भेटायच्या रविवारी तासन्‌तास रिकाम्या हातांनी वसतिगृहाच्या पायरीवर बसायचात. पहिल्या थंडीत तुम्ही माझ्यासाठी गडद निळा स्वेटर आणलात, बाह्या हातापेक्षा चार बोटं लांब. वाढतं अंग हाय, दुमडून घाल, म्हणालात. मी तो पेटीत तळाशी ठेवला आणि शाळेच्या दुकानातला विकतचा घातला. मैत्रिणींनी विचारलं असतं, आईनं विणला का, आणि मला हो किंवा नाही यांपैकी काहीतरी म्हणावं लागलं असतं. दोन्हीची तयारी नव्हती. तुम्ही कधी विचारलं नाहीत स्वेटर कुठं आहे ते.

विणायला तुम्ही मला शिकवलंत ते त्याच्याही आधी, तिसरीच्या सुट्टीत. एक सुलट, एक उलट. आठवडाभर शिकले आणि सोडून दिलं. तुम्ही आग्रह केला नाहीत. पुढं तुम्ही गेलात, उसाला पाणी द्यायला गेला होतात, बांधावर बसलात ते उठला नाहीत. आई निवृत्त झाली, भावानं शेती घेतली, माझं लग्न झालं आणि मी सांगलीला आले. सुया कुठं होत्या कुणास ठाऊक. मला त्यांची आठवणही नव्हती.

मग मोठी मुलगी झाली आणि ती पाच-सहा महिन्यांची असताना साथीमुळं सगळं बंद पडलं. दुकानं बंद, रस्ते बंद. पावसाळ्याच्या गारठ्यात तिला घालायला टोपी नव्हती, मागवायची कुठून तेही कळेना. कपाट आवरताना तुमचा निळा स्वेटर निघाला. सासरी येताना आईनं तो माझ्या नकळत बॅगेत घातला असणार. मी तो संध्याकाळभर मांडीवर घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी उसवायला घेतला. आबा, उसवताना तुमच्या गाठी सापडल्या. नवी लोकर जोडताना लोक धागा बेमालूम विणून टाकतात. तुमच्या बोटांना ते जमत नसणार, म्हणून जागोजाग टपोऱ्या गाठी, सगळ्या आतल्या बाजूला, अंगाला टोचू नयेत म्हणून चपट्या दाबलेल्या. मी त्या मोजल्या नाहीत. एकेक सोडवत गेले, त्यातच दोन दिवस गेले. स्वयंपाकघरात बांबूच्या दोन काड्या होत्या, त्या घासून सुया केल्या. मोबाइलवर बघून टाके घातले. पुढं एका बाईंचा ऑनलाइन क्लास लावला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, तुम्ही धागा मानेवरून का घेताय, बोटावरून घ्या, बोटं चांगली धडधाकट आहेत की तुमची. मी बोटावरून घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. अजूनही मानेवरूनच घेते.

लहान मुलं घरात असताना विणणं कसं असतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. ओळ सुरू केली की दूध उतू जातं. टाके मोजायला घेतले की कुणाला तरी शू लागते. मोठी मुलगी लोकर घेऊन घरभर फिरायची आणि खुर्च्यांच्या पायांना गुंडाळायची. धाकट्यानं चालायला लागल्यावर एकदा सुईवरचे सगळे टाके ओढून काढले आणि मला दाखवून टाळ्या वाजवल्या. पण त्या दहा-पंधरा मिनिटांत माझे हात माझे असायचे. दिवसभरात पुसलेली फरशी पुन्हा ओली होते, भरवलेलं पोट पुन्हा रिकामं होतं. विणलेली ओळ मात्र विणलेली राहते. सुरुवातीला घरच्यांसाठी केलं, मग शेजारी मागायला लागले. गेल्या वर्षी महाबळेश्वरला दुकान असलेल्या एका बाईंनी माझ्या मुलीच्या डोक्यावरची टोपी बघितली आणि चाळीस टोप्यांचं काम दिलं. लहान मुलांसाठी, स्ट्रॉबेरीच्या आकाराच्या. लाल टोपी, वर हिरवी पानं आणि लाल भागावर पिवळ्या बिया. बियांसाठी त्यांना चमक हवी होती, म्हणून बारीक पिवळे मणी शिवायचे ठरले. हंगामाच्या आत द्यायच्या होत्या.

मणी मी स्टीलच्या डब्यात ठेवायचे, घट्ट झाकणाच्या. झाकण मलाच नीट निघायचं नाही. त्या दिवशी दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. मोठी शाळेत होती. धाकटा वीस महिन्यांचा, जमिनीवर डबे मांडून बसला होता. मी दिवाणावर बसून टोपीचा वरचा भाग विणत होते, जिथं टाके कमी करत जायचं असतं आणि मोजायला चुकलं तर पानं वाकडी बसतात. तो खोकला. मग खोकतच राहिला. मी उचललं तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता आणि खाली डबा उघडा, मणी सांडलेले. पालथं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, काही बाहेर आलं नाही. मिनिटभरात खोकला थांबला, तो रडला आणि गप्प झाला. थोड्या वेळानं पुन्हा डब्यांशी खेळायला लागला. मला वाटलं, गिळला असेल. पण श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती. छातीला कान लावला तर नक्की ऐकू यायची.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी गाडी काढली. मोठी शाळेतून येणार होती, ती समोरच्या काकूंकडे राहिली. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी तपासलं आणि सांगितलं की उजव्या बाजूला हवा कमी जातेय, दुर्बिणीतून बघून काढावं लागेल, इथं थांबू नका. तिथून तसेच मिरजेला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं किती वेळ झाला, जेवला कधी, कुणाच्या समोर झालं. मी सगळं सांगितलं. भूल द्यायच्या कागदावर सही केली. त्याला आत नेताना त्याच्या एका पायात मीच विणलेला मोजा होता, दुसरा गाडीत पडला होता. सिस्टरनं तो एक काढून माझ्या हातात दिला. तुमचे जावई कारखान्यातून थेट आले, अंगाला मळीचा वास, पायात लॅबमधलेच बूट. माझ्या शेजारी बसले. एवढंच विचारलं, "तू कुठं होतीस?"

मी म्हटलं, "तिथंच होते. माझी पाठ होती."

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधीही त्यांनी तो विषय काढला नाही. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले, हातात छोटी वाटी होती. वाटीत पिवळा मणी. हाच ना, त्यांनी विचारलं, जणू दुसरा कुठला असू शकला असता. मुलगा बरा होता. दोन दिवस ठेवून घेतलं. आठवडाभर त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा घोगरा येत होता आणि मोठी त्याला तसाच बोलायला लावून हसायची.

घरी आल्यावर मी सगळी लोकर, सुया, झालेल्या सव्वीस टोप्या पोत्यात भरल्या आणि माळ्यावर टाकल्या. कुणी सांगितलं नव्हतं. दुकानवाल्या बाईंना फोन करून कळवलं. त्यांनी आधी मुलाची चौकशी केली आणि म्हणाल्या की टोप्यांचं राहू दे, तुमचं मन लागेल तेव्हा बघा. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी त्याच्यावरून नजर काढली नाही. जेवताना त्याच्या तोंडाकडे बघायचे. झोपला की छातीला कान लावायचे. आणि आबा, मी फार वाईट वागायला लागले. मोठीच्या चपला दारात आडव्या पडल्या म्हणून तिला ओरडले, इतकी की ती समोरच्या काकूंकडे जाऊन बसली. हात सारखे काहीतरी शोधायचे. भाजी चिरून झाली तरी सुरी हातात धरून उभी राहायचे. धाकटा मला चिकटून बसायचा आणि मी त्याला दूर करायचे, आणि दूर केलं की लगेच पुन्हा ओढून घ्यायचे.

मग आई आली. भावानं सांगितलं असणार. पहिले दोन दिवस तिनं काही विचारलं नाही. नातवाला आंघोळ घातली, नातीच्या वेण्या घातल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, लोकर कुठं आहे तुझी? मी माळ्याकडे बोट केलं. ती जुडीतलं गवत बाजूला काढत म्हणाली, "तुझे आबापण असंच करून बसले होते."

आणि मग तिनं मला ते सांगितलं, जे आपल्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी पावणेदोन वर्षांची होते. भाऊ अजून झाला नव्हता. अंगणाच्या कोपऱ्यात जनावरांच्या पाण्याचा हौद होता, मोठ्या माणसाच्या मांडीइतका खोल. मी त्यात पडले. तुम्ही झाडाखाली विणत होतात. तुम्ही मला बाहेर काढलंत तेव्हा मी निळी पडले होते. तुम्ही मला उलटं धरून हलवलंत, पाठ थोपटलीत, तोंडानं हवा भरलीत. पलटणीत शिकवलेलं सगळं केलंत. काकू आरडाओरडा करत आल्या तोपर्यंत मी रडायला लागले होते. शनिवारी आई आली तेव्हा काकूंनी तिला एसटी थांब्यावरच गाठून सांगितलं. आईनं घरात पाऊल टाकताच तुम्हाला विचारलं, की मी एवढ्या लांब जाऊन नोकरी करते, तुम्हाला घरात एकच लेकरू सांभाळायचं होतं. तुम्ही खाली बघत उभे राहिलात. त्याच संध्याकाळी हौदावर फळ्या ठोकल्यात आणि सुया ट्रंकेत ठेवल्यात.

"सहा महिने हात लावला नाही," आई म्हणाली. "नुसते तुझ्या मागं मागं. तुला ठेच लागली तरी यांना घाम फुटायचा. रात्रंदिवस चिडचिड. बोटं पुन्हा आखडायला लागली. भाकरीचा तुकडा मोडता येईना. मी एका शनिवारी ट्रंक उघडली आणि सुया त्यांच्यापुढं टाकल्या. म्हटलं, आवं, विणा. पण पोरीला बांधा."

तिनं मेथीची पुढची जुडी सोडली. अंगठ्याचा धागा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि तुमचं ते दर वेळचं, व्हय, कळलं. मी विचारलं, मी पडले तेव्हा आबांना कळलं कसं नाही लगेच? पाण्याचा आवाज झाला असेल की. आईनं निवडलेली पानं टोपलीत टाकली. मग म्हणाली, "ते कधी बोलले नाहीत. मीही खोदून विचारलं नाही. लेकरू परत मिळालं होतं, मग काय विचारायचं?"

त्याच दुपारी तिनं मला स्टुलावर चढायला लावलं आणि पोतं खाली काढून घेतलं. उरलेल्या चौदा टोप्या मी पौषापर्यंत पुऱ्या केल्या. मणी सगळे टाकून दिले, आधीच्या टोप्यांवरचेही कापून काढले आणि बिया पिवळ्या धाग्याच्या गाठींनी केल्या. दुकानवाल्या बाईंना त्या तितक्या आवडल्या नाहीत, चमक नाही म्हणाल्या, पण घेतल्या. धाकट्याला धागा बांधून बघितला. त्यानं अर्ध्या मिनिटात सोडला आणि माझ्याकडे आणून दिला. आता मी जमिनीवर बसून विणते, त्याच्याच उंचीवर, आणि सारखी वर बघते. काम हळू होतं. तुमचे जावई घरी असले की ते म्हणतात, बस निवांत, मी बघतो याला. एकदा मी त्यांच्यासाठी मफलर विणत होते तर ते म्हणाले, तुझी मान हलते विणताना, माहीत आहे का तुला? मी म्हटलं, माहीत आहे.

आता तो कुशीवर वळलाय, उठायच्या बेतात आहे, म्हणून जे लिहायला बसले ते लिहून टाकते. हे पत्र कुठं जाणार नाही. ही मोठीच्या गणिताच्या रफ वहीची मागची पानं आहेत, ती फाडून मी कपाटात ठेवीन किंवा ठेवणारही नाही. आई म्हणते ते बरोबर आहे, लेकरू परत मिळालं की काही विचारायचं नसतं. पण मला तुम्हाला विचारायचं होतं, कारण दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही. पाण्याचा आवाज तुम्हाला आला होता का, आबा? तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी विश्वास ठेवला असता. हो म्हणाला असतात तरी मी तुमच्याजवळच बसले असते.

मी डॉक्टरांना, तुमच्या जावयांना, आईला, सगळ्यांना सांगितलं की माझी पाठ होती. माझी पाठ नव्हती. झाकण निघाल्याचा आवाज मला आला होता. मी मान वर करून बघितलंही होतं. तो माझ्याकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्या चिमटीत काहीतरी पिवळं होतं. सुईवर अकरा टाके उरले होते. मी मनात म्हटलं, एवढे झाले की उठते. मी ते अकरा टाके विणले आणि मग उठले.